बाटल्यांची रांग

कमल मळीक पोदेराकडून पाव घेताना आधी एक उंडा मधोमध मोडून बघायची. पोदेर सायकलवर एक पाय टेकून उभा राहायचा आणि रोज तोच प्रश्न विचारायचा, "बाय, मोडिल्लो उंडो मागीर कोण घेतलो?" ती म्हणायची, "हांवच घेतां. पूण आदीं पळयतां." घेणार मीच, पण आधी बघणार. बाजारात मासळीवालीच्या पाटीपुढे बसली की वरचे बांगडे बाजूला सारून खालचे मागायची. मासळीवालीने कुरकुर न करता खालचे काढून दिले, की हिच्या कपाळाला आठी पडे. इतक्या सुखासुखी देते आहे म्हणजे खालचेच शिळे असणार! मग ती वरचे घेऊन घरी यायची.

या स्वभावाचं मूळ शोधायच्या भानगडीत कुणी पडू नये. तिला कुणी लुबाडलं नव्हतं, वाऱ्यावर सोडलं नव्हतं. पेडण्यातल्या हळर्णला, किल्ल्याच्या पडक्या भिंतीखालच्या वाड्यावर तिचं माहेर. बाप शेतकरी, सरळ माणूस. तिची आई सांगायची, की ही पोर पाळण्यात असतानाच एक डोळा अर्धा मिटून माणसाकडे बघायची. लग्न ठरलं तेव्हा मुलाकडच्यांनी मुलगी पाहिली आणि पसंत केली. हिने मात्र भावाला गुपचूप डिचोलीला पिटाळलं. मुलगा पाहायला आला तेव्हा सगळा वेळ बसूनच होता, तो लंगडत तर नाही ना, एवढं बघून ये म्हणून. भावाने परत येऊन सांगितलं, की नाही लंगडत. तेव्हा तिला वाटलं, याला तिकडच्यांनी जेवायला घातलेलं दिसतंय.

सदाशिव मळीक लंगडत नव्हता. चांगला उंच, सडपातळ, फारसं न बोलणारा माणूस होता तो. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, कुळागरात माडापोफळींची राखण आणि शिंपण करायचा. शिरगावच्या वाटेवर, चढणीच्या माथ्यावर त्यांचं घर. आणि घराला लागूनच दुभाषी दोतोरांचा दवाखाना. कमलच्या आयुष्यातलं सगळं मोठेपण या शेजारातून आलं.

दुभाषी दोतोर डिचोलीत राहायचे आणि दवाखान्यात त्यांच्या मर्जीने यायचे. आंघोळ, पूजा, वर्तमानपत्र, मग एखादा गप्पिष्ट भेटला तर तो. शिरगाव, मये, मुळगावहून आलेले लोक तोवर बलकांवात, म्हणजे दवाखान्याच्या पुढच्या पडवीत, ताटकळत बसायचे. किती बसणार? कुणाचं शेत, कुणाची खाणीवरची पाळी. म्हणून एक रीत पडली होती. दोतोरांचं औषध म्हणजे पातळ मिश्रण, आणि त्यासाठी बाटली आपली आपण न्यायची. तर ती बाटली सकाळी पडवीतल्या दगडी सोप्यावर, म्हणजे बसायच्या कट्ट्यावर, रांगेत ठेवायची आणि माणसाने कामाला निघून जायचं. दोतोर आले की बाटलीचा नंबर लागे. तोवर माणूस धावत येई.

लांबचे लोक तर आदल्या संध्याकाळीच बसच्या कंडक्टरबरोबर बाटली पाठवत, आणि ती येई कमलकडे. उजाडताच कमल सगळ्या बाटल्या सोप्यावर मांडून ठेवायची. शरबताची बाटली मुळगावच्या मास्तरांची, फेणीची बाटली मयेच्या म्हाताऱ्याची, चिंधीचं बूच असलेली बाटली अमक्या विधवेची. सगळ्या तिला पाठ. कुणी हळूच आपली बाटली पुढे सरकवली, तर ती आपल्या मागच्या दारातून ओरडायची, आणि भल्याभल्यांचे हात जागच्या जागी थिजायचे. या कामाचे तिला पैसे मिळत नव्हते. एखादा फणस यायचा, भेंडीची जुडी यायची. पण मिळायचा तो मान, आणि त्याची तिला खरी चटक. "कमलवयनी आसा म्हूण बरें," असं लोक म्हणायचे. एरवी हिच्या संशयाला कंटाळलेली माणसंही रांगेच्या बाबतीत हिच्यावरच भरवसा ठेवायची. जी बाई कुणावरच विश्वास ठेवत नाही ती कुणाची बाजूही घेणार नाही, असा त्यांचा हिशोब असावा, आणि तो चुकीचा नव्हता.

दुभाषी दोतोर वारले आणि त्यांच्या जागी फोंड्याहून डॉक्टर ज्योती कुंडईकर आली, ते वर्ष भाषेच्या आंदोलनाचं. मराठी की कोंकणी, यावरून सगळा गोवा एकमेकांकडे तिरक्या डोळ्याने बघत होता. भिंतींवर घोषणा उमटत होत्या, बसगाड्या बंद पडत होत्या, आणि कोण कुणाला कुठल्या भाषेत राम राम करतो यावरून माणसाची पारख चालली होती. कमलला ते दिवस फार मानवले. आतापर्यंत ती एकटीच संशय घेत होती, आता सगळेच घ्यायला लागले. ती स्वतः घरात कोंकणी बोलायची, श्रावणात मराठी पोथी वाचायची आणि दोन्हीकडच्या पुढाऱ्यांची सारखीच पाळत ठेवायची.

नव्या डॉक्टरणीने आल्या आल्या दवाखान्याच्या वेळांची पाटी लावली. मराठीत.

"आमकां गोड लागचें म्हूण मराठींत बरयलां," कमल म्हणाली.

मग डॉक्टरीण रोग्यांशी कोंकणीत बोलू लागली. "पळय," कमल म्हणाली, "आतां खरी भास भायर सरली."

पाटीवर लिहिलेल्या वेळेला डॉक्टरीण खरोखरच हजर व्हायची, हे तर फारच संशयास्पद होतं. दुसरं कुठे चालत नसेल म्हणून येते वेळेवर. तपासायच्या खाटेभोवती तिने पडदा लावला. तोवर बाईमाणसाचं दुखणं सासू सांगायची, पडवीतले सगळे ऐकायचे आणि आपापला उपायही सुचवायचे. आता आत काय बोलणं होतं ते कळेनासं झालं. "लिपोवपासारकें कितें आसता?" कमल विचारायची. लपवण्यासारखं काही नसेल तर पडदा कशाला? सुया प्रत्येकासाठी वेगळ्या उकळायच्या, असा नियम झाला. कंपाउंडर बाबुराव जुन्या दोतोरांच्या हाताखाली म्हातारा झालेला. त्याचा दिवस स्टोव्हपुढे जायला लागला आणि तो कमलच्या मागच्या दारी येऊन कुरकुरायला लागला. त्यावर कडी म्हणजे डॉक्टरीण सहसा सुई टोचायचीच नाही. पातळ औषधही तिने बंद केलं. कागदाच्या पुडीत गोळ्या द्यायची आणि त्या कशा घ्यायच्या ते रोग्याकडून परत म्हणवून घ्यायची.

सुई नाही, बाटली नाही, मग दोतोर कसली? लोकही चाचरले. पण गोळ्यांनी बरे व्हायला लागले, तेव्हा येत राहिले. गंमत अशी, की बाटलीत औषध मिळेना, तरी रिकाम्या बाटल्या येतच राहिल्या. रांग धरायची म्हणजे बाटली हवी, हे लोकांच्या अंगवळणी पडलेलं. आणि कमलने ते मोडू दिलं नाही.

खरी ठिणगी पडली ती पुढे. डॉक्टरणीची एक सवय होती. एक रोगी तपासून झाला की ती स्वतः पडवीत यायची, बसलेल्यांच्या तोंडांकडे निरखून बघायची आणि कुणी फार आजारी दिसला तर त्यालाच आधी आत घ्यायची. बाटल्यांकडे तिचं लक्षच नसायचं. एकदा तिने खाणीवरच्या मजुराचं तापाने फणफणलेलं पोर आत घेतलं आणि मुळगावच्या मास्तरांना थांबवलं. मास्तरांची शरबताची बाटली सगळ्यात पुढे होती!

कमल तशीच ओल्या हातांनी दवाखान्याच्या पुढच्या दाराला गेली. "बाय, हांगा रांक आसा."

"दिसता म्हज्या नदरेक," डॉक्टरीण म्हणाली. "पूण बाटलेक जोर येना, कमलबाय. मनशाक येता."

ताप बाटलीला येत नाही, माणसाला येतो, हे ऐकून पडवीत दोघेतिघे हसले. कमलला ते हसणं जिव्हारी लागलं. इतकी वर्षं तिच्या शब्दावर चाललेल्या जागेत तिच्यावर लोक हसले! त्या दिवसापासून तिने मनाशी धरलं, की ही बाई आपल्या माणसांना आधी घेते आणि ते सगळ्यांदेखत उघडं पाडायचं.

आपली माणसं कोण, याचाही तिने शोध लावला. खाणीवर कोल्हापूर-बेळगावकडचे मजूर होते, झोपड्या करून राहिलेले. दुभाषी दोतोर त्यांना शेवटी बघायचे, कधी बघायचेही नाहीत. ही डॉक्टरीण मात्र दुपारी छत्री घेऊन त्यांच्या झोपड्यांकडे जायची. त्यात एक दिवस खाणीची रुग्णगाडी दवाखान्यापुढे उभी राहिली आणि खाणीचा कुणी साहेब आत बसून गेला. मग तर काय, कमलला सगळा उलगडा झाला. खाणवाल्यांनी आणून बसवलेली बाई! मजुरांना आधी बघायचं असं ठरलेलं असणार आणि गावातले लोक गेले बाजूला. खरं तर डॉक्टरणीने त्या साहेबाला बोलावून घेतलं होतं ते अडलेल्या रोग्याला न्यायला खाणीची गाडी मिळावी म्हणून, आणि गाडी गावातल्यांनाही मिळावी असा तिने हट्ट धरला होता. बाबुरावने हे स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि कमलला सांगितलंही. कमलने त्याच्याकडे एक डोळा अर्धा मिटून पाहिलं. याला पण फितवला म्हणायचा.

त्या मजुरांत लक्ष्मी नावाची एक बाई होती, बेळगावकडची, कडेवर नेहमी एक किरटं पोर. पोराला सारखा खोकला. ती दवाखान्यात यायची आणि डॉक्टरीण तिला नावाने हाक मारायची. कमलच्या लेखी एवढा पुरावा पुष्कळ झाला.

या सगळ्या पाळतीत कमलची नजर एका माणसावर मात्र नीट पडत नव्हती. किंवा पडत होती, पण वेगळ्याच कारणासाठी. सदाशिव कुळागरातून वर येताना चढणीच्या मध्यावर थांबायला लागला होता. फणसाच्या झाडाला हात टेकून उभा राहायचा, मग हळूहळू वर यायचा. कमलने ते दारातून पाहिलं आणि ओळखलं, की हा वाटेत तावेर्नात शिरतोय. घरी आल्यावर तिने त्याचं तोंड हुंगलं. वास नव्हता. म्हणजे वर काहीतरी चघळून येतोय, असं तिने ठरवलं.

डॉक्टरणीनेही ते थांबणं पाहिलं होतं. तिने एकदा कुंपणावरून हाक मारली. "कमलबाय, तुमचे घोव चडणीर उबे रावतात. छातयेंत कळ येता काय विचारात. एक फावट हाडात तांकां." म्हणजे एकदा त्यांना दाखवायला घेऊन या.

"विचारतां," कमल म्हणाली आणि घरात येऊन फणफणली. दवाखाना चालेनासा झाला की काय, ही आता कुंपणावरून गिऱ्हाईकं शोधते! तरी रात्री जेवताना तिने नवऱ्याला विचारलंच, पण कसं, तर "तुमकां कितें जालां म्हणटा ती दोतोरीण?" असं, जणू त्यानेच शेजारी जाऊन काही कागाळी केली होती. सदाशिव म्हणाला, "कांय ना." आणि कमल म्हणाली, "म्हाका खबर आसा. शिंपपाचे दीस आयले काय तुमचे पांय दुखतात, दर वर्सा." सदाशिव पानातला भात कालवत राहिला. ते कालवणं कमलला पुढे पुष्कळदा आठवलं.

गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला, फटाके वाजले, आणि पावसाळा सरून थंडी पडली. दवाखान्यात गर्दी वाढतच होती. लांबलांबचे लोक यायला लागले होते, त्यांतले पुष्कळ बाटली न आणताच. कमलच्या हातात संध्याकाळी दोनतीनच बाटल्या येत. मुळगावचे मास्तर सुद्धा एकदा रिकाम्या हातांनी आले आणि तिची नजर चुकवून बसले. तिला ते फार लागलं. मग ती पंच बाबाजींकडे गेली.

बाबाजी पंचायतीत होते आणि दवाखान्याची जागा पंचायतीच्या शब्दावर दिलेली होती. त्यांना गाऱ्हाणी ऐकायची आवड. कमल म्हणाली, "गावचो मनीस रांकेंत आनी भायलो भितर. तुमी दोळ्यांनी पळयात, मागीर उलयात." बाबाजींना चहा आणि भजी कबूल केली. ते सकाळीच येऊन कमलच्या मागच्या पडवीत बसले. तिथून दवाखान्याचं बलकांव अर्धं दिसत होतं. खांब मध्ये येत होता, पण आत जाणारा माणूस दिसला असता.

त्या सकाळी कमलला उत्साह आवरत नव्हता. सदाशिवने तिच्याबरोबर बाटल्या सोप्यावर मांडल्या होत्या. एक बाटली हातात धरून तो थोडा वेळ नुसता उभाच राहिला. ती त्याला ओरडली, "बेगीन करात, पंच येतले." मग तो कुळागरात जातो म्हणून निघून गेला. भजी तळताना कमल बाबाजींना एकेक पुरावा सांगत होती आणि बाबाजी एकेक भजं संपवत हुंकार देत होते.

आणि तिने पाहिलं. डॉक्टरीण पडवीत आली, सोप्याच्या टोकाशी, खांबाच्या आड वाकली. मग एकदम आत वळून बाबुरावला हाक मारली. मग ती लक्ष्मी पुढे झाली, पोराला दुसऱ्या कुणाच्या हातात देऊन. दोघींनी मिळून खांबामागून एका पुरुषाला काखेत धरून उठवलं. त्याचं डोकं खाली होतं, खांद्यावरचा पंचा तोंडावर आला होता. तिघं आत गेली.

"पळयलें?" कमल कढई तशीच ठेवून उठली. "तिचो घोव! लक्ष्मीचो घोव घेतलो भितर! बाटली ना, कांय ना!"

बाबाजी तोंडातलं गिळत उठले. कमल पुढे, बाबाजी मागे. कुंपण ओलांडून, पडवीतल्या माणसांमधून वाट काढत ती ओरडतच शिरली. "बाटली खंय आसा ताची? दाखयात म्हाका! सगळे बसल्यात, ते मनीस न्हय?" पडवीतले लोक उभे राहिले. कुणीतरी म्हणालं, "वयनी, राव गो, राव..." पण ती थांबणाऱ्यातली नव्हती. पंच साक्षीला होते, इतक्या दिवसांची पाळत फळाला आली होती. ती थेट आतल्या खोलीत गेली आणि तिने पडदा ओढला.

खाटेवर सदाशिव होता.

त्याचा सदरा उघडा होता, छाती घामाने निथळत होती, ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. डॉक्टरीण त्याच्या जिभेखाली गोळी ठेवत होती. तिने कमलकडे पाहिलंही नाही. "बाबुराव, खाणीर फोन करात. गाडी जाय, आत्तां," एवढंच म्हणाली. लक्ष्मी खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिला काय झालं ते कळेना, ही बाई कुणावर ओरडतेय तेही कळेना. ती कमलला म्हणाली, "मावशी, माझाच नंबर व्हता. पर ह्यास्नी बघून म्या म्हटलं, बाई, आधी ह्यास्नी घ्या. माझं बाळ थांबंल."

कमलच्या हातात पडद्याचं टोक तसंच होतं. बाबाजी दारातून मागच्या मागे सटकले.

गाडी लवकर आली. सदाशिवला पणजीच्या मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरीण पडवीतल्या सगळ्यांना थांबायला सांगून स्वतः गाडीत बसली, त्याची नाडी धरून. कमल त्याच्या पायाशी बसली होती. वाटेत एकदा डॉक्टरणीने विचारलं, "केन्नासावन दुखता?" कमलला सांगता येईना. सदाशिवनेच ओठ हलवले. "फांत्यापासून." म्हणजे पहाटेपासून. म्हणजे बाटल्या मांडत होता तेव्हाही.

तो जगला. इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं, की गोळी वेळेवर मिळाली, गाडी वेळेवर मिळाली, आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. हृदयाचा एक भाग कायमचा दुखावला होता. कुळागराची चढण आता बंद, शिंपण बंद. घरी बसून जेवढं होईल तेवढं.

कुणालाही वाटेल, की इथे कमल बदलली. आणि बदललीही थोडी. बाटल्या घेणं तिने बंद केलं. संध्याकाळी कंडक्टरने बाटली पुढे केली की ती म्हणायची, "मनशाक धाडात, बाटलेक न्हय." लक्ष्मीच्या पोरासाठी ती कधी पेज घेऊन जायची. पण माणसाचा पिंड इतक्या सहज कुठे बदलतो? भीती ओसरली आणि तिच्या डोक्यात एक नवा किडा वळवळू लागला. पहाटेपासून दुखत होतं, तर हा मला का नाही बोलला? शेजारी दवाखान्यात जाऊन चोरासारखा खांबाआड बसला, पण बायकोला सांगितलं नाही. याला कुणीतरी शिकवलं असणार. माझ्यापासून लपवा, असं कुणीतरी सांगितलं असणार.

तिने चौकशी सुरू केली. बाबुरावला स्टोव्हजवळ गाठलं. तो म्हणाला, "सायबाची आण, म्हाका कांय खबर नासली." ती लक्ष्मीकडे गेली. आडून आडून विचारलं, की त्या दिवशी सोप्यावर तो तुला काय बोलला? लक्ष्मी म्हणाली, "काय न्हाई. म्या म्हटलं आत जावा, तर म्हनले, न्हाई, माझी बाटली न्हाई." कमलला त्या रात्री झोप लागली नाही. पण किडा काही मेला नाही. बाटलीचं ठीक आहे, मलाच का नाही सांगितलं? ती शेवटी डॉक्टरणीकडे गेली. रोगी संपेपर्यंत पडवीत सगळ्यांच्या मागे बसून राहिली, मग आत जाऊन तिने विचारलं, "बाय, खरें सांगात. तुमी तांकां सांगिल्लें, म्हाका कळूंक दिवंक नाका म्हूण?"

डॉक्टरणीने हातातलं काम थांबवलं. तिला राग येईल असं कमलला वाटलं होतं, पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "हांवें तुमकांच सांगिल्लें, कमलबाय, तांकां हाडात म्हूण," ती म्हणाली. "हेर म्हाका कांय खबर ना. तांकांच विचारात."

सदाशिव मागच्या पडवीत खुर्चीवर बसला होता, मांडीवर सुपात वाल सोलायला घेतलेले. हल्ली तो असलं काही करत बसायचा. कमल त्याच्या शेजारी जमिनीवर बसली, तिनेही मूठभर शेंगा उचलल्या. थोडे वाल सोलून झाले. मग ती म्हणाली, "तुमकां कोणें सांगलें, म्हाका सांगूं नाकात म्हूण?"

"कोणेंच ना."

"मागीर कित्याक सांगूंक ना?"

सदाशिवने हातातली शेंग सोलून पुरी केली. तो चिडला नव्हता, तिला टोचावं असंही त्याच्या मनात नव्हतं. पाऊस कधी थांबला ते सांगावं तशा सरळ आवाजात तो म्हणाला, "तुका सांगिल्लें जाल्यार तूं म्हणपाची, शिंपपाचे दीस आयले, कामाक चुकयता."

कमलने तोंड उघडलं. असं मी कशी म्हणेन, असं तिला म्हणायचं होतं. पण ती तेच म्हणाली असती. छातीवर हात धरून तो तिच्यासमोर पहाटे उभा राहिला असता, तरी ती तेच म्हणाली असती, आणि वर बाबाजी यायच्या आत भजीचं पीठ भिजवायला गेली असती. इतके दिवस ती ज्याला शोधत होती, ज्याने याचं तोंड बंद केलं, त्याच्याकडे बोट दाखवायला तिला आता दारातून बाहेरही जावं लागणार नव्हतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की सुपातले वाल दिसेनासे झाले.

"व्हय," ती म्हणाली. "तशेंच म्हणपाची हांव." आणि ती रडायला लागली, पदर तोंडात कोंबून, आवाज न करता.

सदाशिवने सूप मांडीवरून खाली ठेवलं. काय करावं ते त्याला सुचेना. तो खुर्चीतून पुढे वाकला आणि ती खरंच रडते आहे की काय, हे तिच्या तोंडाकडे निरखून बघत राहिला.